सात नंबरची पिन

ताई, आज अंड्यांचा अठरावा दिवस. दुपारी चारला मी अंडी फिरवायची मोटर बंद केली, पाण्याची दुसरी वाटी आत ठेवली आणि उबवणीच्या पेटीचं झाकण लावून टाकलं. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत ते उघडायचं नाही, तुझ्या वहीत तसं लिहिलंय, खाली दोन रेघा ओढून. तुला जाऊन नऊ दिवस झाले. तू गेलीस तेव्हा अंडी निम्म्या वाटेवर होती. तेव्हापासून नांदुऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून मी सोनाळ्यात, तुझ्या बैठकीच्या खोलीत, या पेटीसमोर बसलोय.

लोक भेटायला येतात, जयभीम करून टेकतात, त्यांना वाटतं भाऊ खचलाय. खचलोय हे खरंच. पण दिवसातला जास्त वेळ मी नुसता घाबरलेला असतो. पेटीच्या काचेमागे तुझ्या नव्या बोर्डावरचे लाल ठिपके आकडे दाखवतात, सदतीस पॉइंट पाच. त्याचे सदतीस पॉइंट दोन झाले की मी उठून काचेशी जातो. सदतीस पॉइंट आठ झाले तरी जातोच. बाहेर माणसं शेकोटी करून बसलीत आणि मी कपाळाचा घाम पुसतोय. काल शेजारच्या मंदाबाईंनी विचारलं, ताप आहे का म्हणून.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू असताना सांगितली नाही. आता सांगायची म्हणजे तुझ्याच पद्धतीनं जावं लागेल. प्रोग्रॅममध्ये काही अडलं की तू पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत यायचीस, चौथीच्या वर्गात धडा वाचावा तशी. मी म्हणायचो, मधलंच बघ ना, चूक तिथंच असेल. तू म्हणायचीस, "चूक जिथं वाट्टे तिथं नसते, दिल्या. असती त आधीच दिसली असती." तर मीही पहिल्यापासून येतो.

पहिला बोर्ड तूच आणलास, प्रोग्रॅम भरला की सांगेल तसं करणारा. निळा, तळहाताएवढा, मधोमध लांबट काळी चिप, गोमेसारखे पाय असलेली. तुझ्या शाळेला विज्ञानाच्या साहित्यात तसला एक आला होता आणि कोणी त्याला हात लावत नव्हतं, म्हणून तू स्वतःसाठी वेगळा मागवलास आणि थेट माझ्या दुकानात आलीस. मी तांब्याची तार गुंडाळत होतो. "मले प्रोग्रॅम जमते, वायरी जमत नाई," तू म्हणालीस. "तुले वायरी जमते." तिथंच वाटणी झाली. तू लिहायचं, मी जोडायचं. तुझ्या ओळींना मी हात लावायचा नाही आणि माझ्या सोल्डरला तू. दहावीत गणितानं आपटलेल्या भावाला व्होल्ट आणि करंट समजावताना तू अंगणातला पाण्याचा पाइप हातात घेतला होतास, आठवतं? बोटानं तोंड दाबलंस आणि माझे कपडे भिजवलेस. शाळेत दहा वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या दिवशी शिरलं. तेव्हा मी तुला नुसता हसलो होतो. आभार मानायला पाहिजे होते.

मग ही पेटी झाली. गावरान कोंबडी मनात आलं तरच अंड्यांवर बसते, आणि तुझ्या गल्लीतल्या बायकांच्या कोंबड्यांच्या मनात नेमकं नको तेव्हा यायचं. मंदाबाई, वांगी आणि मेथी पिकवणाऱ्या, त्यांनीच तुला म्हटलं, मॅडम, तुमी एवढं शिकवता, आमच्या अंड्यांचं काही करा. जुन्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, ऊब द्यायला दोन बल्ब, एक पंखा, माझी हळू फिरणारी मोटर आणि तुझा बोर्ड. चाळीस अंडी बसायची. जुन्या बोर्डावर दोन वर्षं चालली, एकदाही दगा नाही.

मग नवा बोर्ड बाजारात आला आणि आपलं भांडण सुरू झालं.

आकार तोच, छिद्रं तीच, जुना काढून त्याच स्क्रूवर नवा बसावा असा. तू दोन्ही शेजारी ठेवलेस, वहीचं पान मधोमध दुमडलंस, एकीकडे जुना, एकीकडे नवा. महिनाभर तुझं तेच चाललं होतं. इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन वाचायचीस आणि मला फोन करून सांगायचीस, नव्याची आठवण, म्हणजे मेमरी, जुन्याच्या सोळापट आहे, याला घड्याळ आहे, कितवा दिवस ते आपोआप कळेल, याच्या अंगावरच लाल ठिपक्यांची पाटी आहे, मंदाबाईंना दारातून आकडा दिसेल. मी म्हणायचो, जुन्याची चिप सॉकेटात आहे, जळली तर चिमट्यानं काढून दुसरी बसव, नव्याची चिकटवलेली आहे, ती गेली की अख्खा बोर्ड भंगारात. तू म्हणायचीस, वायफाय आहे. मी म्हणालो, "कोंबडीले वायफाय पाह्यजे का?"

"कोंबडीले नाई, मले पाह्यजे. शाळेत बसल्या बसल्या पेटीचं कळन मले. तू काऊन इतका भेतं नव्या वस्तूले?"

मी भीत नव्हतो तेव्हा. तेव्हा नुसता हट्ट होता. जुन्याच्या बाजूनं बोलायला मला आवडायचं, कारण तू चिडायचीस आणि चिडलीस की छान बोलायचीस.

आणि एक गोष्ट तू मला तीनदा सांगितलीस. बोर्ड स्वतः बल्ब पेटवत नाही. त्याची सात नंबरची पिन रिलेला जरासा करंट देते आणि रिले बल्ब लावतो. जुन्या बोर्डाच्या पिनेत तेवढा दम होता, म्हणून मी सरळ तार जोडली होती. "छिद्रं सारखी हायेत म्हणून दोघं सारखे नाईत, दिल्या. नव्याची पिन जुन्याच्या निम्माबी करंट देत नाई. रिले सरळ जोडला त पिन मरन. मधात ट्रान्झिस्टर टाकजो, रिलेचा भार तो उचलन." मी हाव म्हटलं.

नवा बोर्ड बसवला तो शनिवार होता. मला पाचची बस गाठायची होती. ट्रान्झिस्टर माझ्या पिशवीत होता, ताई. काम दहा मिनिटांचं होतं. पण मी आधी सरळ तार जोडून बघितली आणि बल्ब लख्ख लागले. आमच्या धंद्यात मोटर अर्धा तास चालली आणि गरम झाली नाही, की माल गिऱ्हाइकाच्या हवाली करतात. मी अर्धा तास थांबलो. पिनेला बोट लावून बघितलं, थंड होती. तू स्वयंपाकघरातून ओरडून विचारलंस, "ट्रान्झिस्टर टाकला नं?"

"टाकला," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला टाकू, असं मनात होतं. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. होतं मनात, एवढंच.

नव्या बोर्डावरच्या पहिल्या अंड्यांच्या सतराव्या दिवशी तू साडेनऊला शाळेत गेलीस तेव्हा सगळं ठीक होतं. सहाला परत आलीस तेव्हा पेटीत वीस डिग्री. दिवसभर त्या रिकाम्या घरात लाल आकडा उतरत गेला असणार आणि बघायला कोणी नव्हतं. फोनवर नोटीस यायची सोय तू त्या रविवारी करणार होतीस. तू गरम पाण्याच्या बाटल्या लावल्यास, चोविसाव्या दिवसापर्यंत वाट बघितलीस. एकही अंडं फुटलं नाही. त्यात अकरा अंडी मंदाबाईंच्या लाल कोंबडीची होती, आणि ती कोंबडी त्याच आठवड्यात मुंगसानं नेली. तिचं बी तिथंच संपलं.

पेटी थंड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो. बोर्डाची सात नंबरची पिन मेली होती, बाकी सगळं जिवंत. का मेली ते मला झाकण उघडायच्या आधीच माहीत होतं. "तू चहा ठेव, मी वायरी पाह्यतो," असं म्हणालो. तू चहा ठेवेपर्यंत मी ट्रान्झिस्टर टाकला, तार आठ नंबरवर घेतली, आणि तू कप घेऊन आलीस तेव्हा हात पुसत उभा होतो. तू विचारलंस, पिन कशानं गेली असेल. मी म्हणालो, नवा माल, काय भरवसा. तरी सांगत होतो, जुनाच बरा.

तुला ते पटलं नाही. बोर्डावर खापर फोडणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तू आपला प्रोग्रॅम काढलास, सातच्या जागी आठ केलंस, पहिल्या ओळीपासून वाचलास, आणि तुला सापडलं की तू बल्ब सेकंदात दहा वेळा चालू-बंद करत होतीस. "मीच मारली पिन," तू म्हणालीस. तुझा चेहरा उतरला होता आणि थोडा सुटल्यासारखाही झाला होता, कारण सापडलं ना. मी चहा पीत होतो. तोंड उघडायला मला एवढीच जागा पाहिजे होती, आणि ती समोर होती, आणि मी चहा पीत राहिलो.

तू अंडी दिलेल्या गल्लीतल्या पाचही घरी गेलीस आणि माझी चूक झाली म्हणून सांगितलंस. सातवीच्या पोरांनाही सांगितलंस. रात्री फोनवर हसत होतीस, "बाईची चूक झाली म्हटल्यावर पोट्टे असे खूश झाले, जसं काही सुट्टी देल्ली." मीही हसलो. मग तीन आठवडे तू पेटी रिकामी चालवलीस, आत नुसती पाण्यानं भरलेली मडकी ठेवून, रोज तीन वेळा तापमान लिहून. मी दर फोनला म्हणत होतो, कशाला जीव काढतेस, जुना बोर्ड लाव. भांडणाची गंमत तेव्हाच गेली होती, तुला कळलं नसेल. जुना बोर्ड परत लागला असता तर त्यावर ट्रान्झिस्टरची गरजच राहिली नसती, आणि कोणी कधी काही विचारलं नसतं. मी तुझ्याशी बोर्डावरून भांडत नव्हतो, मी लपत होतो.

मग तू ही नवी चाळीस अंडी ठेवलीस, आणि नवव्या दिवशी तूच नाहीस.

त्या दिवसाचं मी फार लिहिणार नाही. एकच सांगतो, कारण ते तुझ्या पेटीचं आहे. पुण्याहून मामेभाऊ यायचे होते म्हणून तुला ठेवायला बर्फाची पेटी भाड्यानं आणली. ती बैठकीतच ठेवली. कोणीतरी प्लग शोधला, तुझ्या अंड्यांच्या पेटीचा काढला आणि तिचा लावला. मी तुझ्या पायाशी बसलो होतो, मला काही दिसलं नाही. मंदाबाईंना दिसलं. लाल आकडा विझलेला त्यांनी बघितला आणि तुझ्यासमोर अंड्यांची गोष्ट कशी काढायची म्हणून तासभर गप्प बसल्या. शेवटी माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "दिलीपभाऊ, राग नका मानू. मॅडमची पेटी बंद हाय." शेजारून वायर ओढून आणली. एकाच खोलीत एक पेटी गार करत होती आणि एक गरम, आणि मी दोन्हींच्या मधे बसलो होतो. तेव्हापासून मी उठलोच नाही म्हण.

हिशेबानं नवव्या दिवशी तासभराचा गारवा अंडी सहन करतात. तुझ्या वहीत आहे. तरी मला खात्री नाही. मला आठ नंबरच्या पिनेचीही खात्री नाही, सात मेली तेव्हा आठला काही झालं नसेल कशावरून. चौदाव्या दिवशी संध्याकाळी आकडा उतरायला लागला, छत्तीस पॉइंट आठ, पॉइंट पाच, पॉइंट एक. माझ्या शर्टाच्या खिशात जुना बोर्ड आहे, येताना घेऊन आलो होतो. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. नवा काढायचा, जुना लावायचा, आणि बल्ब हातानं चालू-बंद करत बसायचं, कारण जुन्यातला प्रोग्रॅम तू पुसून टाकलेला, तुझा नवा त्यावर चालत नाही आणि तुझ्या ओळींना मी हात लावायचा नाही. मग बल्बकडे नीट बघितलं. पिवळट जळत होते. शेतातले पंप सुरू झाले होते आणि गावभर व्होल्टेज पडलं होतं. मोटरवाल्याला हे आधी कळायला पाहिजे. पेटीवर गोधडी टाकली, अर्ध्या तासात आकडा जागेवर आला. तुझा बोर्ड बिचारा आपलं काम करत होता.

त्या संध्याकाळी काहीतरी वाचावं असं वाटलं, आणि तुझी वही शेवटपर्यंत वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, "सात नंबर का गेली?" खाली कारणं मांडली आहेस. चालू-बंदचा वेग, त्यापुढे तूच प्रश्नचिन्ह काढलंयस, म्हणजे तुझं तुलाही ते पुरतं पटलं नव्हतं. त्याखाली लिहिलंयस, "रिले सरळ जोडलेला असणे." आणि ती ओळ खोडून पुढे, "नाही. दिलीपने ट्रान्झिस्टर टाकलाय."

एवढंच. बघितलंही नाहीस. झाकण उघडून एकदा वाकून बघितलं असतंस तर कळलं असतं, ताजा सोल्डर आहे. सगळ्या जगाला पुरावा मागणारी तू, माझ्या एका शब्दावर खरं कारण खोडून टाकलंस आणि उरलेला दोष स्वतःकडे घेऊन गेलीस. ती वही मी अजून मिटलेली नाही. समोर उघडी आहे.

तर ताई, हे सांगायचं होतं. मी ट्रान्झिस्टर टाकला नव्हता. तुझा प्रोग्रॅम बरोबर होता. नवा बोर्डही बरोबर होता, त्याचा दम कमी आहे हे तू मला तीनदा सांगितलं होतंस.

इथपर्यंत अठराव्या दिवशी लिहिलं होतं. खालचं आज लिहितोय, एकवीस संपला.

काल सकाळीच आतून चिवचिव ऐकू आली. अंडी फुटायच्या आधी पिल्लं आतून बोलतात हे तू सांगायचीस, मी खोटं समजायचो. दिवसभर मी काचेला नाक लावून होतो. दुपारपर्यंत पाच अंड्यांना बारीक तडे गेले आणि मग दोन तास काहीच नाही. मेली असतील, थकली असतील, आत पाणी कमी पडलं असेल, झाकण उघडू का, नको. त्या दोन तासांत मी तुझ्यावर चिडलोसुद्धा, की अशा वेळी मला एकट्याला टाकून गेलीस. आज सकाळपर्यंत सत्तावीस पिल्लं झाली. उरलेली होतील असं वाटत नाही. तू सत्तावीसला खूश झाली असतीस का नाराज, मला ठरवता येईना.

दहाच्या सुमारास बायका टोपल्या घेऊन आल्या. मंदाबाई पुढे. घरात शोक आहे म्हणून आधी सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या, मग पिल्लं हातात आली आणि आवाज आपोआप वाढला. मंदाबाईंनी एक काळं पिल्लू गालाला लावलं आणि म्हणाल्या, "पाह्य, मॅडमनं आपली चूक दुरुस्त केलीच शेवटी. जाता जाता करून गेली."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असती तर झालं होतं. त्यांच्या बोलण्यात तुझं कौतुकच होतं, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

"ताईची चूक नव्हतीच," मी म्हणालो. "माझी होती. तिनं सांगितलेली वस्तू मी टाकली नव्हती, आणि टाकली म्हणून सांगितलं."

नुसती पिल्लं ओरडत होती. एक बाई टोपलीवरचं फडकं उगाच सारखं करत राहिली. मंदाबाईंनी काळं पिल्लू खाली ठेवलं.

"म्हंजे माह्या लाल कोंबडीची अंडी तुमच्यानं गेली."

"हो."

"अन् मॅडम आमच्या दारोदार हात जोडत फिरली."

"हो."

माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. बाकीच्या बायका आपापली पिल्लं मोजून निघाल्या. उद्या शाळेत जाणार आहे, सातवीच्या वर्गात, हेडमास्तरांशी बोललोय. तिथं काय म्हणायचं ते ठरलंय. पण ते उद्याचं. मंदाबाई मागे राहिल्या होत्या. टोपली कमरेवर घेऊन दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मॅडमले सांगतलं होतं?"

"नाही."

"काऊन?"

"रागावली असती."

"रागावलीच असती," मंदाबाई म्हणाल्या. "चार दिवस बोलली नसती तुमच्याशी. मंग पाचव्या दिवशी बोललीच असती नं, बापा."

त्या गेल्या. ताई, ते न बोलण्याचे चार दिवस मला पाहिजे होते.